आयर्लंडचे दिनविशेष: वाचनालयाच्या फलकावर वर्षभर कसे लावावेत

१८९३ हे साल ठाण्यातल्या पुस्तकवेड्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मराठी ग्रंथसंग्रहालय त्या वर्षी सुरू झालं. त्याच वर्षी ३१ जुलैला डब्लिनमध्ये डग्लस हाइड, ओवन मॅकनील आणि त्यांच्या सोबत्यांनी गेलिक लीग काढली. आयरिश भाषा नुसती पोथ्यांत जपली जाऊ नये, लोकांच्या तोंडी राहावी, हा त्यांचा हेतू. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी ठाण्यातल्या एखाद्या वाचनालयात, शाळेत किंवा सोसायटीच्या जिन्याजवळ आयर्लंडच्या दिनविशेषांचा फलक लावायचा असेल, तर पहिलं कार्ड हेच करावं. भाषेसाठी संस्था काढणं म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला आपल्या गावावरून कळतं. तिथून तो पुढच्या तारखांकडे आपणहून वळतो.

वर्षाला २४ कार्डं पुरतात, दर पंधरवड्याला एक. शाळेत फळ्यावर रोज खडूने दिनविशेष लिहितात तसं इथे करू नये. टिळक पुण्यतिथी म्हटल्यावर आपल्याला पुढचं सगळं ठाऊक असतं, म्हणून ती एका ओळीत भागते. ‘आज पार्नेलचा जन्मदिवस’ एवढ्या ओळीवर मात्र कोणी थांबणार नाही. कार्ड पंधरा दिवस राहिलं की येणारा-जाणारा दोन-तीनदा वाचतो आणि लक्षात ठेवतो.

आधी तारखांचे गठ्ठे पाडा

फलक फसतो तो बहुतेक वेळा इथेच. इंटरनेटवरून यादी उतरवली, तारखेनुसार लावली आणि छापून टाकली, असं केलं की चार-पाच चुका ठरलेल्याच. आयर्लंडच्या तारखा एका जातीच्या नाहीत. छापण्यापूर्वी प्रत्येक तारीख कोणत्या जातीची आहे ते ठरवून कच्च्या कागदावर कोपऱ्यात तशी खूण करावी.

पहिली जात सरळ, पक्क्या तारखांची. २१ जानेवारी १९१९ ला डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये पहिली डॉल, म्हणजे आयरिश लोकप्रतिनिधींची सभा, भरली. ६ डिसेंबर १९२१ ला लंडनमध्ये अँग्लो-आयरिश करार झाला, ७ जानेवारी १९२२ ला डॉलने तो ६४ विरुद्ध ५७ मतांनी मान्य केला आणि ६ डिसेंबर १९२२ ला आयरिश फ्री स्टेट, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या आतलं स्वशासित आयरिश राज्य, अस्तित्वात आलं. १ जानेवारी १९७३ ला आयर्लंड युरोपीय आर्थिक समुदायात गेलं. यात गोंधळ होतो तो एका घटनेच्या दोन टप्प्यांचा. राज्यघटनेवर जनतेने मत दिलं १ जुलै १९३७ ला, ती अमलात आली २९ डिसेंबर १९३७ ला. आपण २६ नोव्हेंबर आणि २६ जानेवारी वेगळे पाळतो, तसंच हे. कार्डावर ‘मंजूर’ की ‘अमलात’ हा शब्द लिहिल्याशिवाय तारीख लिहू नये.

दुसरी जात ईस्टरला बांधलेल्या तारखांची. ब्रिटिश राजवटीविरुद्धचा डब्लिनचा उठाव सुरू झाला २४ एप्रिल १९१६ ला, तो ईस्टरचा सोमवार होता. त्याचं सरकारी स्मरण २४ एप्रिलला होत नाही. ते ईस्टरच्या रविवारी दुपारी बारा वाजता जनरल पोस्ट ऑफिससमोर होतं, आणि ईस्टर दरवर्षी सरकतो. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा ढोबळ नियम. पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली धरतात, आकाशातली नाही. त्यामुळे आपल्या पंचांगातल्या पौर्णिमेवरून काढू गेलात तर एखाद्या वर्षी चुकेल. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या बाहेर जात नाही. २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च, २०२८ मध्ये १६ एप्रिल, २०२९ मध्ये १ एप्रिल. म्हणून उठावाचं कार्ड एकच करावं, त्यावर तारीख १९१६ ची लिहावी आणि ते लावावं त्या वर्षीच्या ईस्टरच्या आठवड्यात. खाली बारीक अक्षरात कारण द्यावं, म्हणजे ‘कार्ड चुकून आधी लागलंय’ असं सांगायला कोणी येणार नाही. उत्तर आयर्लंडमधल्या शांततेसाठी झालेला १० एप्रिल १९९८ चा बेलफास्टचा करारही गुड फ्रायडेला झाला आणि त्याच नावाने ओळखला जातो. तो मात्र तारखेनेच लावावा.

तिसऱ्या जातीवर सगळ्यात जास्त वेळ घालवावा, कारण ती मराठी वाचकाला फार जवळची आहे. शिवजयंती तारखेने की तिथीने, हा वाद आपल्याला तोंडपाठ आहे. त्यात अनेकदा एक गोष्ट सुटते: १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन गणनेतली आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेत तो दिवस १ मार्च १६३० येतो. सतराव्या शतकात दोन गणनांत दहा दिवसांचा फरक होता, १७०० नंतर तो अकरा झाला. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये नवी गणना आली १७५२ मध्ये, तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला.

आता बॉइन नदीकाठची लढाई घ्या. तिथे प्रोटेस्टंट राजा विल्यम ऑफ ऑरेंजने पदच्युत कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सला हरवलं. जुन्या गणनेत तारीख १ जुलै १६९०. दहा दिवस मिळवले की ११ जुलै. पाळतात मात्र १२ जुलै. एक तर अठराव्या शतकातला अकरा दिवसांचा फरक लावला की १ चा १२ होतो. शिवाय पुढच्या वर्षी ऑक्रिमची मोठी लढाई जुन्या गणनेनुसार १२ जुलैलाच झाली. तिन्ही तारखा तीन ठिकाणी छापलेल्या सापडतात आणि आपापल्या जागी तिन्ही बरोबर असतात. कार्डावर असं लिहावं: ‘१ जुलै १६९० (जुनी गणना), उत्तर आयर्लंडमध्ये १२ जुलैला पाळतात.’ १६०७ मध्ये अल्स्टरचे सरदार रॅथमुलनहून जहाजाने कायमचे निघून गेले, ती तारीख ४ सप्टेंबर की १४ सप्टेंबर, याचंही उत्तर हेच.

या जातीत आणखी एक खाच आहे. १७५२ पूर्वी तिथलं सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस जुन्या कागदांत आदल्या वर्षात मोडतात. त्या महिन्यांतली सतराव्या शतकातली घटना असेल तर साल दोनदा तपासावं. १५८२ च्या आधीच्या तारखांना मात्र हात लावू नये. आयरिश राजा ब्रायन बोरूची क्लॉनटार्फची लढाई २३ एप्रिल १०१४, गुड फ्रायडे; ती तशीच लिहावी.

चौथी जात ऋतूंच्या जुन्या सणांची. इम्बॉल्क १ फेब्रुवारी, ब्यॉल्तना १ मे, लूनसा १ ऑगस्ट, साऊन १ नोव्हेंबर. जुन्या रिवाजात दिवस सूर्यास्ताला सुरू होई, म्हणून साऊनची रात्र म्हणजे ३१ ऑक्टोबर, तीच आजची हॅलोविन. यातली तीन नावं आयरिश भाषेत महिन्यांचीच नावं आहेत: मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. तिकडचा परंपरेचा वसंत १ फेब्रुवारीला लागतो आणि उन्हाळा १ मे रोजी. ऋतूंच्या कार्डावर हे लिहायलाच हवं, नाहीतर ‘१ ऑगस्ट, सुगीची सुरुवात’ हे वाचून ऐन आषाढ-श्रावणात छत्री झटकत उभा असलेला माणूस बुचकळ्यात पडेल.

संत ब्रिजिडची सुट्टी या जातीतली आणि सरकतीही. २०२३ पासून ती सार्वजनिक सुट्टी आहे. फेब्रुवारीचा पहिला सोमवार, पण १ तारीख शुक्रवारी आली तर तोच शुक्रवार. २०२७ मध्ये १ फेब्रुवारी, २०२८ मध्ये ७ फेब्रुवारी, २०३० मध्ये शुक्रवार १ फेब्रुवारी.

या चारांत न बसणारी एक गोष्ट म्हणजे मोठा दुष्काळ. त्याला तारीख नाही आणि ओढूनताणून देऊही नये. बटाट्यावरचा करपा रोग १८४५ च्या सप्टेंबरात आयर्लंडमध्ये दिसला. तो फायटॉफ्थोरा इन्फेस्टन्स या सूक्ष्मजीवामुळे पडतो. पानं काळी पडतात आणि जमिनीतला बटाटा सडतो. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१,७५,१२४ होती, १८५१ मध्ये ६५,५२,३८५. सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने गेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. या कार्डाला पूर्ण सप्टेंबर महिना द्यावा आणि त्यावर चित्र लावू नये. हे दोन आकडे ७२ पॉइंटमध्ये एकाखाली एक छापले की पुरे.

कोणते २४

अर्धी कार्डं आयर्लंडच्या स्वतःच्या कण्याची: संत पॅट्रिक, ब्रिजिड, बॉइन, १७९८ चं बंड, १ जानेवारी १८०१ चं ब्रिटनशी एकीकरण, दुष्काळ, गेलिक लीग, उठाव, करार, यादवी, १९३७ ची घटना, १९९८ चा करार. यातलं काही गाळायचं असेल तर एकीकरण गाळू नका. ते गाळलं की पुढचं होमरूल कशासाठी होतं, हे कळायला मार्ग राहत नाही.

उरलेली अर्धी अशी निवडावीत की मराठी वाचकाला आत यायला दार मिळेल. ही दारं बरीच आहेत. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आपल्या जालना जिल्ह्यातली. ती जिंकणारा आर्थर वेलस्ली डब्लिनमध्ये जन्मला होता. पुढे पंतप्रधान झाल्यावर त्याच्याच काळात, १३ एप्रिल १८२९ ला, कॅथलिकांना पार्लमेंटात बसण्याचा हक्क मिळाला. त्याच्या जन्माच्या तारखेवर एकमत नाही, म्हणून कार्ड असईच्या तारखेलाच लावावं.

७ जानेवारी १८५१ ला डब्लिन परगण्यात जॉर्ज ग्रियर्सन जन्मला. त्याच्या देखरेखीखाली झालेल्या भारतीय भाषांच्या पाहणीचा सातवा खंड, १९०५ चा, मराठीचा आहे. वाचनालयासाठी याहून चांगलं कार्ड नाही. २८ ऑक्टोबर १८६७ ला टायरोन परगण्यातल्या डंगॅननमध्ये मार्गारेट नोबल जन्मली, आपण तिला भगिनी निवेदिता म्हणून ओळखतो. २८ जून १९२० ला जालंधरमध्ये कनॉट रेंजर्स पलटणीतल्या आयरिश शिपायांनी आपल्या देशातल्या दडपशाहीच्या निषेधार्थ शस्त्रं खाली ठेवली. त्यातल्या जेम्स डेलीला २ नोव्हेंबरला डगशाईत गोळ्या घातल्या. १४ जून २०१७ ला लिओ वराडकर पंतप्रधान झाले. आडनाव मालवण तालुक्यातल्या वराडचं, त्यामुळे या कार्डापाशी ठाण्यातली मालवणी मंडळी थांबल्याशिवाय राहत नाहीत.

आगगाडीचंही एक कार्ड करावं. १६ एप्रिल १८५३ ठाण्यात कोणाला विचारा. डब्लिन ते किंग्सटाउन ही आयर्लंडची पहिली प्रवासी गाडी १७ डिसेंबर १८३४ ला धावली. तिथल्या रुळांमधली आजची रुंदी १६०० मिलिमीटर, आपली १६७६. दोन्ही देश जगातल्या नेहमीच्या १४३५ च्या बाहेरचे.

होमरूलच्या कार्डावर घाई नको. टिळकांनी होमरूल लीग काढली एप्रिल १९१६ मध्ये, बेळगावात. डब्लिनचा उठाव त्याच महिन्यातला. यावरून ‘उठावाची बातमी ऐकून लीग निघाली’ असं वाक्य बनवायचा मोह होतो. तो टाळावा. लीगची तयारी आधीपासून चालली होती. शब्द मात्र आयर्लंडकडूनच आला. तिथे होमरूलची विधेयकं १८८६, १८९३ आणि १९१२ मध्ये पार्लमेंटात आली होती आणि इथली वर्तमानपत्रं ती चर्चा वाचत होती. एवढंच लिहावं. ते पुरेसं वजनदार आहे.

‘रक्तरंजित रविवार’ दोन आहेत. २१ नोव्हेंबर १९२० चा डब्लिनचा, त्यात क्रोक पार्क मैदानावर १४ माणसं मारली गेली. दुसरा ३० जानेवारी १९७२ चा डेरीचा, त्यात १३ जण त्या दिवशी गेले आणि एक नंतर. कार्डाच्या मथळ्यातच गाव आणि साल घालावं. आणि १२ जुलै हा उत्तर आयर्लंडमध्ये प्रोटेस्टंट समाजाचा सणाचा, तर कॅथलिकांच्या दुखण्याचा दिवस आहे. त्या कार्डावर दोन्ही बाजूंना दोन-दोन ओळी मिळायला हव्यात. जागा कमी पडली तर चित्र काढा, ओळी कापू नका.

कार्डाचा मजकूर

५० ते ८० शब्द. त्याहून जास्त असेल तर उभ्याने कोणी वाचत नाही. क्रम असा ठेवावा: तारीख आणि साल, गाव, काय झालं, त्याआधी काय होतं, पुढे काय झालं. ‘त्याआधी’ हा भाग सगळ्यात जास्त सुटतो. नमुना:

‘३१ जुलै १८९३, डब्लिन. गेलिक लीगची स्थापना. शंभर वर्षांपूर्वी देशाच्या मोठ्या भागात बोलली जाणारी आयरिश भाषा आता पश्चिमेच्या किनाऱ्यापुरती उरली होती. दुष्काळात सर्वांत जास्त माणसं गेली ती हीच भाषा बोलणारी. लीगने गावोगाव वर्ग काढले, मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवलं. अध्यक्ष डग्लस हाइड धर्माने प्रोटेस्टंट होते. १९३८ मध्ये तेच आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.’

मथळा ४८ पॉइंट, मजकूर २४ पॉइंट. दोन ओळींत मोकळी जागा दीडपट ठेवा. मराठीत वेलांट्या आणि उकार वर-खाली जातात. इंग्रजीच्या सवयीने ओळी जवळ घेतल्या की ते एकमेकांत अडकतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा आणि छपाईला पीडीएफ करून न्यावा. वर्डची फाइल दुकानातल्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर जोडाक्षरं तुटून हलन्त दिसू लागतात.

नावं देवनागरीत

इंग्रजी स्पेलिंग वाचून आयरिश नाव लिहिलं की जवळजवळ नक्की चुकतं. बी किंवा एम यांना एच जोडून आला की उच्चार बहुधा ‘व’ होतो, म्हणून मुलीचं नाव शिवॉन आणि बंदराचं नाव कोव्ह. एस च्या शेजारी आय किंवा ई आला की ‘श’: शॉन, शिन फेन. पंतप्रधानाच्या पदाचा उच्चार टीशख, लोकसभेचा डॉल, देशाचं आयरिश नाव एरा. वर लिहिलेलं साऊन बहुतेक मराठी मजकुरात ‘समहेन’ झालेलं असतं. ड्रॉहडा, डन लीरी (तेच जुनं किंग्सटाउन), बेल न ब्लॉ, जिथे २२ ऑगस्ट १९२२ ला कराराच्या बाजूचा सेनानी मायकेल कॉलिन्स मारला गेला, हीही नावं अशीच ऐकून लिहावीत. स्वरावरची तिरपी रेघ म्हणजे आपला दीर्घ. ती गाळली की शब्द बदलू शकतो. मथळ्याखाली मूळ नाव रोमन लिपीत त्या रेघेसकट द्यावं, म्हणजे कोणाला पुढे शोधायचं असेल तर सापडेल.

झेंडा आणि पान

आयर्लंडचा झेंडा उभ्या पट्ट्यांचा: काठीकडे हिरवा, मग पांढरा, मग नारिंगी. उंचीच्या दुप्पट लांबी, म्हणजे २० सेंटिमीटर उंच असेल तर ४० लांब. आपल्या तिरंग्याच्या दीडपट मापावर बेतला तर तो आखूड होतो, आणि पट्टे उलटे लागले तर आयव्हरी कोस्टचा होतो. हिरवा गेलिक-कॅथलिक परंपरेचा, नारिंगी विल्यम ऑफ ऑरेंजच्या अनुयायांचा, पांढरा दोघांमधल्या सलोख्याचा. बॉइनच्या कार्डाशेजारी हा झेंडा लावला की अर्थ आपोआप उलगडतो.

शॅमरॉक तीन पानांचा. चार पानांचा म्हणजे नशिबाचा क्लोव्हर, त्याचा पॅट्रिकशी संबंध नाही. पॅट्रिकने या पानावरून त्रैक्य समजावलं ही कथा लिखित रूपात अठराव्या शतकात येते, त्याच्या काळानंतर तेराशे वर्षांनी. कार्डावर तिला ‘कथा’च म्हणावं. बेलाचं त्रिदल रोज हाताळणाऱ्या वाचकाला ती सांगावीही लागत नाही. कुंडीत उगवणारी आंबुशी शॅमरॉकसारखी दिसते, पण तिचं पान टोकाला खोल खाचेचं, बदामासारखं असतं. चित्र काढताना ती खाच घालू नका. आणि सरकारी चिन्ह शॅमरॉक नसून वीणेसारखं हार्प आहे.

कागद, फलक आणि ठाण्याचा पाऊस

फलकाचा सॉफ्ट बोर्ड चार बाय तीन फुटांचा असावा. कार्ड ए३ मापाचं, २५० जीएसएमच्या आर्ट कार्डवर, लेझर प्रिंट. इंकजेटची शाई जूनमधल्या दमट हवेतच पसरू लागते. जांभळी नाक्याच्या बाजारात कार्डशीट घाऊक मिळते, पण प्रिंटच्या दुकानातलाच कागद वापरलेला बरा, कारण बाहेरचा जाड कागद यंत्रात अडकतो.

जून ते सप्टेंबरची आठ कार्डं मॅट लॅमिनेट करावीत. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि मधल्या ओळी वाचता येत नाहीत. लॅमिनेशन कार्डाच्या कडेपासून चारी बाजूंना ५ मिलिमीटर बाहेर राहू द्यावं. कडेला घासून कापलं की तिथूनच ओल शिरते आणि आठवड्यात कार्ड फुगतं. टाचणी लॅमिनेट कार्डात कधी खुपसू नये, त्या भोकातूनही ओल जाते. कोपऱ्यांना पारदर्शक फोटो कॉर्नर लावावेत. साध्या टाचण्या पावसाळ्यात गंजून तांबडे डाग सोडतात.

फलक बाहेरच्या भिंतीवर असेल तर मागे २ सेंटिमीटरच्या लाकडी पट्ट्या ठोकून भिंतीपासून सुटा ठेवावा. खळ किंवा पिठाची पेस्ट वापरली तर कसर लागते. उतरवलेली कार्डं दोन कार्डांत एक बटर पेपर घालून आडवी ठेवावीत. पक्क्या तारखांची पुढच्या वर्षी तशीच लागतील, सरकत्या तारखांच्या कार्डांवर फक्त तळाची पट्टी बदलावी लागते.

फलकासोबतचे चार दिवस

१ फेब्रुवारीला ब्रिजिडचा क्रूस. तिकडे तो लव्हाळ्याचा करतात. महापुरातही टिकणारं लव्हाळं आपल्याला ठाऊक आहे, पण फेब्रुवारीत ते लांब आणि हिरवं मिळत नाही, आणि खाडीकाठची झुडपं तोडायची नाहीत. हिरव्या झावळीची पाती घ्यावीत, मधला हीर काढून टाकावा म्हणजे १ सेंटिमीटर रुंद पट्ट्या निघतात. ४० सेंटिमीटरच्या १६ पट्ट्या लागतात. एक पट्टी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर अडकवा, मोकळी टोकं उजवीकडे. सगळं डावीकडे पाव वळण फिरवा. तिसरी दुमडून आधीच्या दुमडीच्या दोन्ही पदरांवर अडकवा, पुन्हा उजवीकडे. फिरवा, अडकवा. प्रत्येक वेळी पट्टी मध्याकडे घट्ट ओढायला विसरलं की मधला चौकोन सैल होऊन सुटतो. चारी टोकं दोऱ्याने बांधा. पाती वाळून आकसतात, म्हणून दोन दिवसांनी गाठी पुन्हा आवळा.

१६ जून, ब्लूम्सडे. तारीख कादंबरीतली आहे: जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ची सगळी कथा १६ जून १९०४ या एका दिवसात घडते. वाचन ठेवायचं तर हक्कांचं पाहावं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं धरतात. जॉइस १९४१ मध्ये गेले आणि येट्स १९३९ मध्ये, दोघांचं मूळ लेखन मुक्त आहे. शॉ १९५० चे, तेही मुक्त. बेकेट १९८९ चे आणि हीनी २०१३ चे, त्यांना परवानगी लागते. मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, मूळ मुक्त असलं तरी.

३१ ऑक्टोबरला बार्मब्रॅक, मनुकांचा गोड पाव. ३५० ग्रॅम मनुका आणि बेदाणे, ३०० मिलिलिटर कडक कोऱ्या चहात रात्रभर भिजवावे. ऑक्टोबरच्या उकाड्यात भांडं फ्रिजमध्येच ठेवावं, बाहेर आंबतं. सकाळी त्यात १२५ ग्रॅम ब्राउन शुगर, एक अंडं (नको असेल तर ६० ग्रॅम घट्ट दही), २५० ग्रॅम मैदा, अडीच छोटे चमचे बेकिंग पावडर, एक चमचा दालचिनी पूड, चिमूटभर जायफळ. उरलेला चहा एकदम ओतू नये. मिश्रण चमच्यातून गोळ्याने पडायला हवं. धार लागली तर मनुका तळाला बसतात. १७० अंशांवर ६० ते ७० मिनिटं. ओटीजीत वरचा भाग चाळीस मिनिटांत करपू लागतो, तेव्हा वरून फॉइल झाकावं. आत बटर पेपरात गुंडाळलेली स्टीलची अंगठी घालतात, ज्याच्या वाट्याला येईल त्याचं लग्न ठरतं म्हणे. ती आत आहे हे कापण्याआधी सगळ्यांना, विशेषतः मुलांना, सांगावं. दुसऱ्या दिवशी कापलं तर काप नीट निघतात.

२१ डिसेंबरला न्यूग्रेंज. सुमारे इसवी सनपूर्व ३२०० मधलं हे दगडी थडगं. दाराच्या वरच्या झरोक्यातून वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सकाळी ८ वाजून ५८ मिनिटांच्या सुमारास ऊन आत शिरतं, १९ मीटरचा बोळ ओलांडून गाभाऱ्यात पोचतं आणि सुमारे १७ मिनिटं राहतं. आधुनिक काळात प्रा. मायकेल ओ’केली यांनी ते १९६७ मध्ये आत उभं राहून पाहिलं. त्या वेळी ठाण्यात दुपारचे २ वाजून २८ मिनिटं झालेली असतात. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचारचा. पुठ्ठ्याची प्रतिकृती करून नेमक्या त्याच वेळी टॉर्च लावता येतो.

माप पन्नासास एक धरा. ३ मिलिमीटर पुठ्ठ्याचा ३८ सेंटिमीटर लांबीचा बोळ, आतून काळा रंगवलेला. महत्त्वाची गोष्ट अशी की खऱ्या बोळाची जमीन आत जाताना सुमारे दोन मीटर चढते, म्हणून प्रतिकृतीत ती मागच्या टोकाला ४ सेंटिमीटर वर यायला हवी. सपाट केली तर झरोका कशासाठी आहे तेच कळत नाही. समोरच्या पुठ्ठ्यात दार ३ सेंटिमीटर उंच कापून पुन्हा बंद करा, कारण मूळ दारही दगडाने बंद असे. त्याच्या वर, तळापासून साडेचार सेंटिमीटरवर, २ सेंटिमीटर रुंद आणि अर्धा सेंटिमीटर उंच फट. खोलीत अंधार करून बारीक झोताचा टॉर्च दोन मीटरवरून फटीच्याच उंचीला, अगदी आडवा धरा. झोत मागच्या भिंतीवर पडला पाहिजे. वाटेत जमिनीवरच अडला, तर मागचा चढ जास्त झाला आहे. तो अर्धा सेंटिमीटर कमी करून पुन्हा लावा.